घणवाला आमदार

घणवाल्याने आयुष्यात जे मिळवलं ते हाताने मिळवलं, आणि हाताने म्हणजे मारून. हे सांगताना आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्यानेही कधी ठेवला नाही. भाषणाला उभा राहिला की तो आधी मूठ दाखवायचा आणि मग तोंड उघडायचा.

फोर्जिंग कारखान्यात लागला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आईवडील गेलेले, घरात दहा वर्षांनी लहान भाऊ. त्या भावाला त्याने एका हाताने भरवलं आणि दुसऱ्या हाताने बडवलं. शाळा बुडवली, मार. खोटं बोलला, मार. एकदा रेल्वेच्या रुळावर खेळताना सापडला तेव्हा असा काही तडाखा दिला की पोराची एक दाढ कायमची गेली. पण ताटातला चांगला घास नेहमी धाकट्याच्याच तोंडात. सुजलेला गाल घेऊन धाकटा गल्लीभर हिंडायचा आणि दुसरी पोरं नवा सदरा दाखवतात तशा तोऱ्यात सांगायचा, "दादाने मारलं." ज्यांना मारायलाही कोणी नव्हतं अशी पोरं त्या गल्लीत बरीच होती.

पुढे धाकटाही त्याच कारखान्यात सांडस धरायला लागला. हातभर लांबीच्या त्या लोखंडी चिमट्यात लाल झालेला तुकडा पकडून ऐरणीवर ठेवायचा आणि वरून थोरल्याने घण घालायचा. सांडसवाल्याने घणाकडे बघायचं नसतं, लोखंडाकडे बघायचं. घण चुकला तर मनगट जातं. धाकट्याने कधी मान वर केली नाही.

घणवाल्याचं नाव झालं ते एका थपडेमुळे. सुपरवायझरने एका तेलवाल्याच्या, म्हणजे यंत्रांना तेल घालणाऱ्या माणसाच्या, कानाखाली वाजवली. तेलवाल्याने पडलेली टोपी उचलली आणि मुकाट्याने कामाला लागला. घणवाल्याने सुपरवायझरचं तोंड ऐरणीवर आपटलं, दात खाली सांडले. इथवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जेवणाच्या सुट्टीत त्याने तेलवाल्यालाही धरलं आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. "जो मार खाऊन गप्प बसतो ना," तो सगळ्यांना ऐकवत म्हणाला, "त्याचे पैसे आधीच पोचलेले असतात." बिचाऱ्या तेलवाल्याला कोणी फुटका मणी दिला नव्हता, तो फक्त घाबरला होता. पण ते वाक्य लोकांना इतकं आवडलं की युनियनच्या प्रत्येक सभेत त्याची फर्माईश व्हायला लागली.

संप झाले. मालकाने साखळ्या घेऊन माणसं पाठवली, तेव्हा घणवाल्याने एकाचा हात गेटच्या गजांत अडकवून कोपरातून उलटा मोडला. त्याच्या स्वतःच्या पोटात सुरा गेला, आतडं हाताने आत दाबून तो दवाखान्यापर्यंत चालत गेला. अशा माणसाला निवडून न देता लोक करतील काय? तीनदा दिलं. सभागृहात त्याने एका मंत्र्याला माईक फेकून मारला आणि निलंबित झाला, तर मतदारांनी त्याची गावभर मिरवणूक काढली. कायदे त्याला फारसे कळत नसत. पण कामगाराच्या अंगाला कोणी हात लावला की त्याला चौदावं रत्न दाखवायला आपला एक आमदार आहे, एवढं लोकांना पुरे होतं.

आणि मग ते विधेयक आलं. गेटवर संपाला उभा राहील त्याला चौकशीशिवाय काढता येईल, वर तुरुंगात घालता येईल. सरकारकडे बहुमत होतं, तेव्हा ते मंजूर होणार हे सगळे धरूनच चालले होते. सगळे, म्हणजे घणवाल्याच्या पक्षाच्या गटनेत्या सोडून. या बाई पूर्वी शाळेत गणित शिकवत. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी घणवाल्याला खोलीत बोलावून दार लावलं. सरकारमधले दोघे फुटले होते. घणवाला धरला तर विधेयक एका मताने पडत होतं. ही गोष्ट बाहेर गेली तर त्या दोघांना संध्याकाळपर्यंत उचलतील, म्हणून बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

"आणि हात खिशात," बाई म्हणाल्या. "तुम्ही आवारात कुणाला बोट लावलंत तर निलंबन. बाहेर लावलंत तर अटक. उद्याच्या मतदानापर्यंत तुमचे हात माझे."

घणवाला हसला, पण त्याने शब्द दिला.

समोरच्यांना फुटीचा वास लागला होता. नेमकं कोण ते कळलं नव्हतं, पण एक मत कमी कसं करायचं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दुपारी कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या मशीनपाशी कंत्राटदार त्याला आडवा आला. हा माणूस कारखान्यांना माणसं पुरवून आमदार झालेला, सोबत दोन दांडगे सदस्य. दोन कॅमेरेवालेही अगदी योगायोगाने तिथेच उभे. आधी तो घणवाल्याच्या बुटांवर थुंकला. मग त्याच्या मेलेल्या आईबद्दल असं काही बोलला की ते लिहिण्यासारखं नाही. मग थप्पड. मग गुडघा जांघेत. घणवाला वाकला तसा एकाने त्याचं डोकं धरून मशीनच्या कडेवर हाणलं, नाकाचं हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. दोन्ही हात पँटच्या खिशात होते. बोटांनी अस्तर टरकावलं, नखं मांडीत रुतली, पण हात बाहेर आले नाहीत. त्याला मारापेक्षा त्या हातांचीच जास्त भीती वाटत होती. मार्शल आले तेव्हा कंत्राटदार रुमालाने बोटं पुसत होता. अध्यक्ष त्याच्याच पक्षाचे, त्याला निलंबनाची भीती नव्हती.

ती चित्रफीत तासाभरात सगळीकडे फिरली.

बायकोने फोनवर विनवलं, आज गेटवर जाऊ नका. पण विधेयकाविरुद्ध कामगार तिथे बसले होते आणि तो रोज दिवस मावळायच्या आत तिथे जात असे. आज गेलो नाही तर लोक काय समजतील, असं त्याला वाटलं. लोकांनी समजायचं ते समजून झालं होतं.

रस्त्यापलीकडे पोलिसांची गाडी उभी होती. इन्स्पेक्टर बॉनेटला टेकून आरामात सिगारेट ओढत होता. तो कशाची वाट बघतोय हे घणवाल्याने गाडीतून उतरतानाच ओळखलं. गर्दी बाजूला झाली आणि धाकटा पुढे आला. पाळीवरून तसाच आलेला, हातात सांडस.

"दादा, किती घेतलेस?"

"उद्या बोलू."

"आईला बोलला तो. आईला. आणि तू खिशात हात घालून उभा?" धाकट्याच्या तोंडून शब्द धड फुटत नव्हते. "गप्प बसणाऱ्याचे पैसे पोचलेले असतात, हे कुणी शिकवलं आम्हाला?"

घणवाल्याने गाडीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "माझ्यावर भरवसा ठेव," तो एवढंच म्हणाला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला कधी वापरावं लागलं नव्हतं, आणि ते उसनं आणल्यासारखं वाटलं.

धाकट्याने त्याच्या तोंडात मारली. सगळे थांबले होते की आता थोरल्याचा उलटा हात येणार, तो आला की सगळं खोटं ठरणार, मग सगळे मिळून कंत्राटदाराचं घर फोडायला जाणार. इन्स्पेक्टरने सिगारेट टाकली. हात आला नाही. मग धाकटा रडत ओरडला आणि त्याने सांडस थोरल्याच्या गुडघ्याखाली घातली. हाड कडकन मोडलं, पँट फाडून बाहेर आलं. घणवाला पडला, तसे बाकीचे तुटून पडले. ज्यांच्या नोकऱ्या त्याने वाचवल्या होत्या त्यांचे बूट त्याच्या जबड्यावर, पाठीवर, जुन्या सुऱ्याच्या जखमेवर पडत होते. त्याने हात बगलेत दाबून धरले. इन्स्पेक्टरने बराच वेळ वाट पाहून शेवटी वैतागून शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी त्याला चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मतदान उभं राहून होतं, जागेवरच्या माणसांची मोजणी. विरोधकांनी उभं राहावं, असं अध्यक्षांनी म्हटल्यावर कंत्राटदार लगेच म्हणाला की नियमात उभं राहणं म्हणजे उभं राहणं, खुर्ची चालणार नाही. अध्यक्षांनी नियम पाहिला आणि मान डोलावली.

घणवाल्याने समोरचं बाक धरलं. पहिल्यांदा उठला तो तसाच आदळला. दुसऱ्यांदा उठला, चांगल्या पायावर. प्लास्टरमधला पाय जमिनीला टेकला तेव्हा त्याच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला आणि शेजारचे सदस्य खाली बघायला लागले. सचिव पहिल्या रांगेपासून मोजत येत होता, सावकाश, बोट दाखवत. बोट त्याच्यापर्यंत पोचलं, पुढे गेलं, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. विधेयक एका मताने पडलं. घणवाल्याने बाकावर रक्ताची उलटी केली आणि त्याची शुद्ध हरपली.

दुपारी धाकटा दवाखान्यात आला. वहिनी स्टुलावर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो खाटेपाशी गुडघ्यांवर बसला आणि लहानपणी करायचा तसा गाल पुढे केला, थोरल्याच्या उजव्या हाताजवळ.

"दादा, मार. पाहिजे तेवढं मार."

हात चादरीवर पडलेला होता, धडधाकट. कालपासून अडवलेलं सगळं त्यात ठणकत होतं. त्याला मारायचं होतं, मनापासून मारायचं होतं. ज्या दाढेची जागा रिकामी होती तोच तो गाल.

"घरातलं माणूस चुकलं तर मी मारतो," सुजलेल्या जबड्यातून तो सावकाश म्हणाला. "तुला कशाला मारू?"

धाकट्याने गाल मागे घेतला नाही. शेवटी वहिनीनेच त्याला उठायला सांगितलं, भेटायची वेळ संपली म्हणून.

बाहेर कॉरिडॉरमध्ये कारखान्यातले दहाबारा जण घोळका करून उभे होते. विधेयक पडल्याचा आनंद होता, लाजही होती, आणि आत काय झालं असेल याची धाकधूक. कोणीतरी हसत विचारलं, चांगला चोपला ना दादाने? धाकट्याने मान हलवली, नाही म्हणाला. हसणाऱ्याने नजर दुसरीकडे वळवली. बाकीचेही त्याच्याकडे बघेनासे झाले आणि एकेक करून जिन्याकडे निघाले.