समोरचा खेळाडू उठून गेला

टेलिफोन खात्यात त्याने बत्तीस वर्षं लाइनमनची नोकरी केली आणि एवढ्या वर्षांत त्याला कुणी नावाने हाक मारल्याचं ऐकिवात नाही. सगळे त्याला करंट म्हणायचे. टेलिफोनची तार चुकून हातात आली तर थोड्या झिणझिण्या येतात, तेवढंच. या माणसाशी मात्र जपूनच बोलावं लागायचं. राग कायम नाकावर. आणि राग आला की भांडत बसायचं नाही, सरळ उठून चालू पडायचं, ही त्याची रीत. साहेबांच्या मीटिंगमधून तो उठला होता, भरल्या ताटावरून तर कितीदा उठला होता. एकदा न्हाव्याशी वाजलं तेव्हा अर्धी दाढी तशीच ठेवून उठला आणि उरलेली घरी येऊन केली.

त्याची एकुलती एक लेक नऊ वर्षांची असताना बुद्धिबळात त्याला हरवायला लागली. दुसरा बाप असता तर चार लोकांत सांगत सुटला असता. हा वजीर गेला की नाकातून ‘हुं’ करायचा, हत्ती गेला की दुसरा ‘हुं’, आणि तिसऱ्याला पट उधळून उठायचा. मग ती पोर पलंगाखाली शिरून सोंगट्या गोळा करायची. काळा घोडा असाच एकदा गेला तो गेलाच. त्याच्या जागी पुढे कित्येक वर्षं चिनी मातीचा एक जुना फ्यूज उभा राहायचा आणि घोड्यासारखा अडीच घरं चालायचा.

तिच्या लग्नाच्या बोलणीतूनही तो असाच उठला. मुलाचे वडील सहज बोलून गेले, की हल्ली तारेचा फोन ठेवतं कोण, सगळं हवेतूनच चालतं. बोलले ते खोटं नव्हतं, हेच याला झोंबलं. लेक आणि बायको बसलेल्याच राहिल्या आणि हा पायात चपला सरकवून जिना उतरून गेला. लग्न त्याच्याविना झालं. लेक दुसऱ्या शहरात गेली आणि तीन वर्षं बापाशी एक शब्द बोलली नाही. फोन यायचा तो आईच्या मोबाइलवर.

चौथ्या वर्षी तिनेच आईकरवी निरोप धाडला. मागच्या खोलीत तिचा जुना कंप्युटर आहे, त्यावर बुद्धिबळाचा खेळ उघडायचा, दर रविवारी दुपारी चार वाजता ती तिकडून खेळेल. बोलणं नाही, फक्त खेळ. आणि अट एकच, डाव संपेपर्यंत उठायचं नाही.

करंटने वरवर तोंड वाकडं केलं, पण रविवारी तीनपासून अंघोळ करून खुर्चीत बसून होता. डाव रंगला. चार वाजून बावीस मिनिटांनी पट जागच्या जागी गोठला. मिनिटभराने पाटी आली, जोडणी तुटली. त्याने टेबलावर मूठ आपटली. एवढ्यात लेकीने तिच्या पडद्याचा फोटो आईला पाठवला. तिकडे पाटी वेगळी होती: ‘समोरचा खेळाडू उठून गेला.’ खाली तिने काहीच लिहिलं नव्हतं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तो उठला नव्हता, आणि नेमकं तेव्हाच कुठलं तरी यंत्र त्याच्या नावावर असलं काहीतरी लिहून मोकळं झालं होतं.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. आधी त्याने राउटरला शिव्या घातल्या. पुढच्या दाराशी भिंतीवर टांगलेली, दोन शिंगांची ती पांढरी पेटी. तिच्याकडे पाहून त्याला मुलाच्या वडिलांचं तोंड आठवायचं. मग इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस दर वेळी तेच सांगायचा, पेटी बंद करून चालू करा. करंट म्हणाला, मी बत्तीस वर्षं फॉल्ट काढले, बंद करून चालू केल्याने फॉल्ट जात नाही, लपतो. फोन त्याने आपटला असता, पण मोबाइल बायकोचा होता.

शेवटी कंपनीने एक बाई पाठवली, चाळिशीची, खांद्याला अवजारांची पिशवी, बोलणं मोजकं. तिने कंप्युटरची वायफायची सेटिंग तपासली, वीज वाचवायला वायफाय मधूनमधून झोपत होतं ते बंद केलं, पेटीचा चॅनल बदलला. मग पडद्यावर एक काळी खिडकी उघडून दिली. कंप्युटर राउटरला दर सेकंदाला हाक मारतो आणि उत्तर आलं की एक ओळ उमटते, तिने समजावलं. हे मात्र त्याला लगेच पटलं. खांबावर चढून तो स्वतः हेच तर करत आला होता. तारेला फोन अडकवायचा, विचारायचं, ‘आहे का?’ पलीकडून दुसरा लाइनमन म्हणायचा, ‘आहे.’ त्या एका शब्दासाठी भर उन्हात खांबावर लटकायचं.

जाता जाता बाईने विचारलं, पेटी आणि कंप्युटर यांच्या मध्ये काय आहे? “माझं घर आहे,” तो खेकसला आणि दार लावून घेतलं.

चौथा रविवार, चार वाजून एकोणतीस मिनिटं. पुन्हा तीच पाटी. या वेळी लेकीने आईला फोन केला आणि आईने निरोप जसाच्या तसा सांगितला, खाली बघत. “ती म्हणते, हरायला लागलात की बरोबर तुमचं कनेक्शन जातं. पुढचा रविवार शेवटचा. परत उठलात तर ती पुन्हा बोलावणार नाही.”

तो मागच्या खोलीत गेला, कपाटातून खात्याची जुनी फॉल्टची वही काढली आणि पेन दाबून, कागद फाटेल इतकं दाबून, लिहायला बसला. फॉल्ट शोधायची त्याची पद्धत होती: दोन टोकं धरायची आणि निम्मं निम्मं करत मधे यायचं. एक टोक राउटर, दुसरं कंप्युटर. सोमवारी काळी खिडकी सकाळपासून चालू ठेवली. सगळ्या ओळी आल्या. मंगळवारी तो यंत्राशी सर्वांत सोप्या पातळीवर चार डाव खेळला, चारही जिंकला, एकही ओळ चुकली नाही. म्हणजे खोट त्याच्या बाजूला नाही. म्हणजे लेकीच्या बाजूला. हा विचार त्याला इतका आवडला की संध्याकाळी तो शीळ घालत होता.

बुधवारी त्याने गेल्या चार रविवारांचे डाव काढून पाहिले. खेळाने ते जपून ठेवले होते. कनेक्शन तुटलं तेव्हा पटावर काय होतं, ते त्याने एकाखाली एक लिहिलं. वजीर गेला. हत्ती गेला. वजीर गेला. उंट आणि हत्ती दोन्ही गेले. चारही वेळा तो हरत होता. स्वतःच्या अक्षरात, खात्याच्या वहीत. लेक खोटं बोलत नव्हती. वही त्याने भिंतीवर फेकून मारली, मग उचलली, कारण फॉल्टची वही फेकायची नसते.

गुरुवारी त्याने दात आवळले आणि यंत्राची पातळी सगळ्यांत वर नेली. हरायचंच होतं. एका बाजूला पट, एका बाजूला काळी खिडकी. अकराव्या चालीला वजीर गेला. ठरवून गेला तरी राग खराच आला आणि नाकातून ‘हुं’ निघाला. थोड्या वेळाने खिडकीतल्या ओळी थांबल्या.

तो श्वास रोखून बसला. स्वयंपाकघरातून बारीक घरघर ऐकू येत होती. दोन मिनिटांनी ‘टिंग’ झालं, घरघर थांबली आणि ओळी धडाधड सुरू झाल्या. मग त्याच्या कोपराजवळ एक कप आला. वाफाळता चहा.

पुढच्या दाराशी राउटर, मागच्या खोलीत कंप्युटर आणि बरोबर मधे स्वयंपाकघर. तिथल्या ओट्यावर मायक्रोवेव्ह, एरवी क्वचितच लागणारा. तो चालू झाला की वायफाय झाकोळून जायचं, आणि खेळ फक्त एक मिनिट वाट बघायचा.

“तू!” तो इतक्या जोरात ओरडला की तिच्या हातातली बशी वाजली. “तू घालवतेस माझं कनेक्शन! हा चहा कोणी मागितला होता?”

बायकोला ओरडण्याची सवय होती. तिने आधी बशी खाली ठेवली. मायक्रोवेव्हचं काय ते तिला कळलं नव्हतं. चहाचं मात्र कळलं.

“कोणीच नाही,” ती म्हणाली. “तुमचा पहिला हुं ऐकला की मी गार झालेला चहा गरम करून आणते. आधी गॅसवर करायचे.”

“पण का?”

“हातात गरम कप असला की तुम्हाला लगेच उठता येत नाही.”

इतकी वर्षं हुं केला की चहा यायचा, आणि त्याला वाटायचं, चहाची वेळ झाली असेल.

तरी राग इतक्यात कुठे जातो. पुरावा हातात होता, चोर सापडला होता. त्याने तिचा मोबाइल मागितला. लेकीला आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं, की तुझा बाप उठला नव्हता, हे बघ वहीत लिहिलंय, वेळेसकट. बायकोने मोबाइल पदराआड धरला. तिच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली.

“काय सांगणार तिला? की बाबा हरायला लागले की आईला अजून धास्ती वाटते? तिला ते ठाऊक आहे. ती पलंगाखाली असायची तेव्हा मी गॅसपाशी असायचे.”

त्याचा अपमान झाला होता, आणि अपमान झाला की काय करायचं ते त्याच्या पायांना पाठ होतं. तो उठलासुद्धा. दारापर्यंत गेला. तिथे थांबला, चौकटीला धरून, आणि स्वतःचीच अशी चीड आली त्याला, जशी कधी साहेबाची आली नव्हती की व्याह्यांची. तो वळला आणि परत खुर्चीत बसला. चहा प्यायला. जीभ भाजली, तरी प्यायला.

शुक्रवारी त्याने माळ्यावरून ड्रिलिंग मशीन काढलं. बाजारातून इंटरनेटची वीस मीटर केबल आणली आणि राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने ओढली, दर वितीला एक क्लिप. दाराची चौकट आडवी आली तिथे तिच्याशी कचाकचा भांडला. क्लिप वाकडी बसली की स्वतःला शिव्या घालायचा आणि उपटून परत बसवायचा. मायक्रोवेव्ह बंद ठेवते म्हणून बायको दोनदा म्हणाली. तो म्हणाला, गरज नाही, तार आहे आता. शनिवारी त्याने मायक्रोवेव्हमध्ये नुसतं पाणी ठेवून तो दहा मिनिटं चालवला आणि काळ्या खिडकीपुढे बसला. एकही ओळ चुकली नाही.

रविवारी चारला डाव सुरू झाला. लेक चिडून खेळत होती, ते चालींवरून कळत होतं. विचारच करत नव्हती, नुसती मारत सुटली होती. पहिला उंट गेला. मग वजीर. त्याच्या नाकातून ‘हुं’ निघाला, मोठा, आवरला नाही. स्वयंपाकघरात घरघर सुरू झाली. काय करणार, बायकोचे पाय सवयीने गेले असतील. पट चालू राहिला. ‘टिंग’ झालं. बायको कप घेऊन आली आणि दारातच थबकली. आपण मायक्रोवेव्ह लावला हे आत्ता लक्षात येऊन तिचा चेहरा उतरला.

“बस इथे,” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

ती शेजारच्या स्टुलावर बसली. एकेक करत बाकीच्या सोंगट्या गेल्या, शेवटी दुसरा हत्तीही गेला. आता त्याच्याकडे राजा आणि तीन प्यादी उरली होती, आणि हरल्याचं बटण दाबलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण अट डाव संपेपर्यंतची होती. त्याने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला. कपाळावरची शीर तटतटून उभी होती, मांडी थडथडत होती, आणि लेक त्याच्या राजाला एकेक घर कोपऱ्याकडे ढकलत होती, मुद्दाम, सावकाश. सतरा चाली तिने लावल्या. सतराही तो बसून राहिला. मग मात झाली आणि पडद्यावर पाटी आली: तुम्ही हरलात.

त्याने हाताची घडी घातली आणि पाटीकडे बघत राहिला. तिकडून पाच मिनिटं काहीच आलं नाही. मग बायकोचा मोबाइल वाजला. तिने कानाला लावला, ऐकलं आणि तो त्याच्यापुढे धरला.

“बाबा?” पलीकडून आवाज आला, तीन वर्षांनी. “आहात का?”

त्याने मोबाइल हातात घेऊन कानाशी धरला.

“आहे,” तो म्हणाला.