न्हाईनाना

नानांना काहीही विचारा, पहिला शब्द 'न्हाई'. "नाना, चहा?" "न्हाई," म्हणेपर्यंत हात कपाकडे गेलेला असायचा. घोटावड्याचे नाना लोखंडी शेड उभ्या करणाऱ्या टोळीचे फोरमन होते. कारखान्यातून खांब-तुळया तयार होऊन यायच्या; त्या क्रेननं उचलून बोल्टांनी जोडायचं काम त्यांचं. सगळे त्यांना न्हाईनाना म्हणत, तोंडावरसुद्धा. ते चिडत नसत. "व्हय म्हणणारी लई हायेत की. त्येंच्या शेडी वाऱ्यात कशा वाजत्यात, ऐका जरा."

मी तेव्हा नवाकोरा इंजिनिअर. डोक्यावर पांढरं हेल्मेट, हेल्मेटखाली विशेष काही नाही. नाना मला 'सायेब' म्हणत, पण अशा सुरात की शिवी परवडली. एकदा मी ऐटीत वर चढून फोटो काढत होतो. खालून आवाज आला, "सायेब, पट्टा शिडीलाच आडकवलाय. शिडी आन् तुमी, दोगं संगंच याल खाली!"

पिरंगुटजवळच्या शेडवर मात्र मी कळस केला. काँक्रीटच्या पायात बोल्ट बसवताना एका ठिकाणी मध्यरेषेऐवजी कडेपासून माप धरलं. काँक्रीट घट्ट झालं, खांब आला, क्रेननं खाली सोडला, तर खांबाच्या तळपट्टीची भोकं एकीकडे आणि बोल्ट दोन इंच भलतीकडे.

"माप कुणी धरलं?" नानांनी विचारलं.

मी गवंड्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, बोट दाखवायलाही थोडं धाडस लागतं.

चार दिवसांवर मालकांची पूजा होती. मॅनेजर म्हणाले, "गॅसनं भोकं मोठी करा, वरून पट्टी जोडा. कोण बघतंय?"

"न्हाई."

"नाना, सगळीकडे करतात."

"करत्यात. ह्या खांबावर छपराचा भार येणार, खाली माणसं राबणार. पाया फोडा, बोल्ट नव्यानं बसवा."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज ह्यो खांब हितं बसणार न्हाई." नानांनी क्रेनवाल्याला खूण करून खांब बाजूला आडवा ठेवायला लावला आणि स्वतः त्या पायावरच बूड टेकलं.

कोणी हलेना. गवंडी माझ्याकडे बघत होता. शेवटी मी म्हणालो, "माप माझं चुकलं. फोडूया पाया." मॅनेजरांनी असं पाहिलं की मी घाईनं 'बहुतेक' जोडून टाकलं.

पाया फुटला. पूजा उघड्या सांगाड्याखाली झाली. चूक माझी, पण काम गेलं नानांचं. मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. तोंड उघडायच्या आत उत्तर आलं, "न्हाई. माफी त्या गवंड्याची माग जा." पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं. गेलो, मागितली.

परवा भूगावच्या शेडवर खांबांना वाऱ्यात तोलून धरणाऱ्या तिरप्या सळया लावायच्या आधीच पत्रा चढवा, असा मालकाचा हुकूम सुटला. मी नाही म्हणालो. तासाभरात रस्त्यावर होतो. नानांना फोन लावून सांगितलं.

"काढलं व्हय? मग चढवला का पत्रा त्येनी?"

"नाही. टोळीतल्या एकानंही हात लावला नाही. सगळे माझ्यासोबत बाहेर उभे आहेत."

नाना म्हणाले, "मग त्येस्नी घिऊन हिकडं ये. रानात भात लावायचा ऱ्हायलाय."