कापायचा दिवस झुलाल सांगायचा

“झाडवर पिकेल केळं दिल्लीले पोचस नही.”

हे वाक्य झुलाल दिवसातून दहा वेळा म्हणायचा. बागेत घड पाहताना म्हणायचा, चहाच्या टपरीवर म्हणायचा, एकदा तर एका लग्नात, मुलीचं वय झालं तरी स्थळ पाहत बसलेल्या बापाला म्हणाला होता. आमच्या सावद्याच्या शिवारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. केळं झाडावर पिवळं झालं की ते घरच्या पोरांनी खायचं. दिल्लीला जायचं असेल तर ते हिरवं, भरलेलं, पण पिकायच्या आत कापावं लागतं. ठाऊक सगळ्यांना आहे. पण नेमका दिवस कोणता, हे सांगणारा डोळा एकट्या झुलालला होता.

तो आमच्याकडचा नव्हे. अमळनेरकडून पंचवीस वर्षांपूर्वी एक पिशवी आणि एक विळा घेऊन घड कापायच्या टोळीत आला. त्याच्या तोंडी ‘आहे’ऐवजी ‘शे’ आणि ‘सगळं’ऐवजी ‘बठ्ठा’, म्हणून आमची पोरं त्याची नक्कल करायची. तोही हसायचा. पण बागेत शिरला की त्याचं हसणं बांधावर राहायचं. घडाखाली उभा राहून मान वर करायचा, केळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. कडा किती गोल झाल्या, साल किती ताणली, एवढ्यावर सांगायचा, “आज नही. परवा.”

आणि माझे आबा, ज्यांनी केळीत हयात घालवली, ते मला बाजूला सारून म्हणायचे, “थांब रे नथ्थू. झुलाल पाहून घेईल.”

मी तेव्हा तिशीचा होतो. बाग आमची, आबा माझे, आणि विश्वास त्या पिशवीवाल्यावर. तेव्हा माझ्या पोटात जो काटा गेला, तो निघाला नाही. मी हे लपवत नाही. झुलालची गोष्ट सांगायची तर माझा काटा दाखवल्याशिवाय ती पुरी होत नाही.

झुलालने आधी दोन एकर बटाईने केले, मग तीन एकर विकत घेतले, ते नेमके माझ्या बांधाला लागून. त्याची बायको तानुबाई त्याच्या जोडीने राबली. मुलगी सारिका शिकायला धुळ्याला गेली. त्याचं सगळं हळूहळू, केळीच्या नव्या पानासारखं झालं. आज गुंडाळी दिसते, उद्या उलगडलेलं असतं, कधी उलगडलं ते कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात फवारणीचे ड्रोन आले. केळीचं झाड माणसाच्या डोक्यावर जातं, पाठीवरचा पंप घेऊन वरच्या पानाला औषध पोचवताना मान मोडते. म्हणून लोकांनी ड्रोन बोलावले. पहिल्या वर्षी त्यांनी गंमतच केली. एकाचा ड्रोन नाल्यात पडला, एकाने माझं औषध शेजारच्या हरभऱ्यावर ओतलं. मग कुंदन नावाचा एक तरुण नवा ड्रोन घेऊन आला. तो ड्रोन ओळीवरून सरळ जायचा, विजेच्या तारेखालून वाकून निघायचा आणि बांध आला की बांधावरच वळायचा, हातभरही पुढे नाही.

आम्ही सगळे ड्रोनकडे पाहत होतो. झुलालने कुंदनला विचारलं, “याले वाट कोण दखाडस?”

कुंदन म्हणाला, “ड्रोन दुसऱ्या कंपनीचा आहे काका, पण वाट दाखवायचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका लहान कंपनीचं आहे. दिशाक्ष तिचं नाव. आत्ताच शेअर बाजारात आली.”

झुलाल घरी गेला, सारिकाला फोन लावला. लहान कंपन्यांच्या त्या बाजारात पाच-दहा शेअर सुटे मिळत नाहीत, एक ठरलेली थप्पीच घ्यावी लागते. त्याने सारिकाकरवी एक थप्पी घेतली, पंचाहत्तर रुपये भावाने. एका हंगामाच्या घडांचे पैसे घातले. टपरीवर आम्ही पोट धरून हसलो.

“काय भो झुलाल, विमान घेतलं म्हणे!”

“विमान नही,” तो म्हणाला. “विमानना डोळा लिधा.”

वर्षभरात तो भाव दोनशेवर गेला.

कोणाचं घर बांधलेलं पाहून माणूस जळतो, गाडी पाहून जळतो. झुलालने मला तेवढीही सोय ठेवली नाही. त्याने काहीच घेतलं नाही. तोच सदरा, तीच सायकल. त्याच्या अंगावर पैसा दिसला असता तर मी त्याला मिजासखोर म्हणून मोकळा झालो असतो. मी रोज सकाळी उठून आधी मोबाइलवर त्याच्या शेअरचा भाव पाहायचो. माझा त्यात एक पैसा नव्हता. भाव चढला की माझं तोंड कडू व्हायचं आणि पडला की चहा गोड लागायचा. पुष्पाबाई, माझी बायको, एकदा म्हणाली, “तुम्ही त्याच्या बागेला पाणी घालताय की काय? एवढी राखण तर तो स्वतः करत नाही.”

शेवटी राहवेना. आमच्याकडे एक रीत आहे. ज्याची बाग जोरात आली, त्याच्याकडे शेजाऱ्याने कंद मागायचे, बेणं म्हणून. आणि मागितलेलं बेणं नाकारायचं नाही. नाकारलं तर त्याची पुढची बाग उभी राहत नाही, असं जुने लोक सांगतात. मी पौषात त्याच्या ओट्यावर गेलो.

“झुलाल, बेणं मागायला आलो.”

“कितला कंद जोयजे?”

“कंद नाही. तो तुझा विमानाचा डोळा.”

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. घडाकडे पाहतो तसा. मग म्हणाला, “भाव पहिलेच चढेल शे, नथ्थूभाऊ. तू उशिरा लावी ऱ्हायना. पण बेणं मांगं, तर नही कसं म्हनू? एकच गोठ ऐक. लावाना दिन तू पाह्य. कापाना दिन मी सांगसू.”

मी हो म्हणालो. दोनशे दहाच्या भावाने एक थप्पी घेतली. ते पैसे चार एकरांच्या नव्या लागवडीचे होते, रोपांचे आणि ठिबकच्या नळ्यांचे. मृगात लागवड करायची, तोवर पैसे मोकळेच होते. ते गेले तर चार एकर वर्षभर पडीक राहणार, हे मला घेतानाच माहीत होतं. पुष्पाबाईला मी सांगितलं नाही.

भाव चढत गेला. अडीचशे, तीनशे. पण मला सुख म्हणून झालं नाही. माझा एक रुपया वाढला की त्याचाही एक वाढायचा, आणि त्याने तर पंचाहत्तरला घेतलेला. माझा नफा म्हणजे त्याच्या पंगतीत मागून बसून खाल्लेलं जेवण. मी किती धावलो तरी तो पुढेच.

फाल्गुनात कुंदन माझ्या बागेत फवारणीला आला. मी बांधावर उभा होतो, झुलालही आपल्या बांधावर होता. मी मोबाइलवर भाव पाहत होतो, तीनशे चाळीस. ड्रोन आला, गेला, आला. अंगावर तुषार पडले म्हणून मी ओरडलो, “कुंदन, कुठे बघतोस?” आणि पुन्हा खाली पाहिलं. झुलाल मात्र वर पाहत होता. ड्रोन गेला की त्याने बांधापासून पावलं मोजली. मग कुंदनजवळ जाऊन बोलत बसला.

दुसऱ्या दिवशी, बाजार उघडून तासभर झाला असेल, तो माझ्या अंगणात आला. विळा खांद्यावर.

“इकी टाक, नथ्थूभाऊ. बठ्ठा इकी टाक. घड भराई गया शे. थांबशी त फाटी.”

“तू विकले?”

“मना सकायमाच इकाई गयात. काल ड्रोन बांध वळखे ना. आठ पावलं पुढे जाईसन वळना. कुंदन कंपनीले फोन लावस, पंधरा दिन झायात, कोणी उचलत नही. जो मानूस दुरुस्तीले येत व्हता तोबी नोकरी सोडी गया.”

आता खरं सांगतो. त्याचं म्हणणं मला कळलं होतं. तुषार माझ्याच अंगावर पडले होते. पण ऐकताना मला आबांचा आवाज आला. झुलाल पाहून घेईल. पंचवीस वर्षांनी माझ्याच अंगणात, माझ्याच पैशाचा दिवस तो सांगत होता. आणि मनाने सांगितलं, याला तू पुढे गेलेला नको आहेस.

मी म्हणालो, “तुला माझं बरं पाहवत नाही ना, झुलाल? तू कापलास, आता माझाही घड कच्चा काप म्हणतोस.”

त्याने विळा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. “मी दिन सांगा,” एवढंच म्हणाला आणि गेला.

आणि पुढचे चार दिवस भाव चढला! तीनशे नव्वद झाला. माझ्या उभ्या जन्मात असे चार दिवस आले नव्हते. मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. झुलाल सायकलवरून जाताना दिसला तशी हाक मारली, “काय झुलालभाऊ, कच्चाच कापला की घड! थोडा थांबला असतास तर!”

लोक हसले. झुलाल सायकलवरून उतरला नाही. जाता जाता त्याचं ते वाक्य म्हणाला, दिल्लीचं. मला ते वाक्य तेव्हा हरलेल्या माणसाच्या कण्हण्यासारखं गोड लागलं.

पाचव्या दिवशी बातमी आली. सरकारी कामाची जी मोठी ऑर्डर मिळणार म्हणून भाव चढत होता, ती दिशाक्षला मिळाली नाही. भाव पाच टक्के खाली आला आणि तिथेच अडकला. दिवसात त्याहून जास्त पडू देत नाहीत, पण तेवढ्यावर घेणाराही कोणी नव्हता. मी विकायला लावले, कोणी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी पाच टक्के. तिसऱ्या दिवशी आणखी. ज्याने भरल्या बागेत उभं राहून न येणाऱ्या व्यापाऱ्याच्या ट्रकची वाट पाहिली आहे, त्याला हे समजेल. घड डोळ्यांदेखत पिवळे होतात, आणि रस्त्यावर धूळही उडत नाही.

वैशाख सरताना साठ रुपयांना एकदाचे गेले.

रोपवाटिकेतून फोन आला, रोपं न्यायची की नाही. तो पुष्पाबाईने उचलला. मग तिला सगळं सांगावं लागलं. ती ओरडली नाही. विचारलं, “झुलालभाऊंनी सांगितलं होतं?”

“हो.”

“कधी?”

“तीनशे चाळीसला.”

“मग?”

मी मोबाइल पालथा ठेवला. ती उठून चुलीपाशी गेली.

मृगाचे दिवस आले. शेजारीपाजारी सऱ्या पाडून तयार, माझे चार एकर नांगरून उघडे. आणि एका सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत कंद होते, झुलालच्या बागेतले, निवडलेले, तासून स्वच्छ केलेले. चारातल्या एका एकराला पुरतील इतके. झुलाल ट्रॉलीमागून चालत आला. आबा शेडमध्ये खाटेवर बसले होते. आता त्यांना दिसत नाही, पण माणूस पावलावरून ओळखतात.

“मी मागितले नव्हते,” मी म्हणालो.

“मांगं व्हतं. पौसमा. ते बेणं ऊगनं नही, म्हनीसन हाई दुसरं.”

“पैसे?”

“बेणाना पैसा कोणी लेस का?”

त्याने टोमणा मारावा, माझी टपरीवरची फुशारकी तोंडावर फेकावी, म्हणून मी वाट पाहिली. तसं झालं असतं तर मी त्याचे कंद त्याच्या ट्रॉलीत परत भरले असते. त्याने कंद उतरवले. शेवटचा ठेवताना फक्त म्हणाला, “नथ्थूभाऊ, ह्या मोबाइलमा दखावणार नहीत. वावरमा येईसन देखजो.”

कंद उतरवून घ्यायला आलेली पुष्पाबाई खुदकन हसली. कित्येक महिन्यांनी. माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसली ते मला आठवत नाही.

झुलाल विळा खांद्यावर टाकून बांधाने निघाला. जुन्या बागेतला माझा एक घड त्याच्या वाटेवर लोंबत होता. तिथे तो थांबला, मान वर केली, केळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. ‘आज’ की ‘परवा’ ते न सांगताच चालू लागला.

आबांनी कान दिला होता. “कोण थांबलं रे?”

“झुलाल.”

“घड पाहिला त्यानं?”

“पाहिला, आबा.”

“काय म्हणाला?”

मी सांगितलं, काहीच म्हणाला नाही. आबांनी त्या पावलांकडे तोंड वळवलं आणि तसेच बसून राहिले. पुष्पाबाई हातातला कंद न ठेवता उभी होती, बांधाकडे पाहत. झुलाल केळीच्या पानांआड जाईपर्यंत दोघांनीही मान वळवली नाही. मी त्या दोघांकडे पाहत होतो.