तिसरी किल्ली

दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात होत्या आणि दार उघडं होतं.

शेवटचं बोचकं टेम्पोत टाकून खटका जिना चढून वर आला, आणि उंबऱ्याबाहेरच थबकला. त्याने खिसा चाचपला. एक किल्ली त्याची, एक बायकोची. मालकांच्या हातात एकदम द्यायच्या म्हणून सकाळीच एका कडीत ओवून ठेवल्या होत्या. खाली जाताना दार त्याने स्वतः ओढून घेतलं होतं, कुलूप बसल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता. आणि आता आतून माणसं बोलत होती.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, दार नीट बसलं नसेल. पण खटक्याचा धंदाच किल्ल्यांचा. बाजाराच्या तोंडाशी एका जिन्याखाली त्याची टपरी होती, आणि त्या टपरीचा एक विचित्र नियम होता. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. मान खाली घालून किल्ली घ्यायची, यंत्रावर कोरी किल्ली कापायची, कानशीने कडा साफ करायच्या, आणि परत आलेली किल्ली आपलीच का हे कळावं म्हणून तिच्या डोक्यावर एक तिरकी रेघ मारायची. पैसे घेतानाही नजर समोरच्याच्या हातापर्यंतच. लोक म्हणत, काय हा तोरा! तोरा कसला, भीती होती ती. तरुणपणी एका चोरीत सापडलेली किल्ली याच्या हातची निघाली, आणि अख्खी दुपार पोलीस चौकीच्या बाकावर ‘कोण आला होता? दिसायला कसा होता?’ ऐकताना त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून त्याने ठरवून टाकलं. तोंड बघितलंच नाही, म्हणजे आठवायची भानगड नाही.

घराच्या बाबतीत तर विचारूच नका. या घरात राहायला आला त्याच दिवशी मालकांचं कुलूप काढून त्याने आपलं बसवलं आणि त्यांना तोंडावर सांगितलं, “दोनच किल्ल्या. तिसरी जन्माला येणार नाही.” मालक हसले. बायको हसली नाही. एकदा तिने नुसतं विचारलं, एक किल्ली खाली मालकीणताईंकडे ठेवू का, तर या गृहस्थाने जेवणाचं ताट पुढे सारलं. माणूस वाईट नव्हता, पण डोकं कधी सटकेल याचा नेम नाही, म्हणून तर बाजाराने त्याचं नाव खटका ठेवलं होतं.

आज घर सोडायचं होतं. नव्या घराचा मालक संध्याकाळी अनामत घ्यायला येणार होता, आणि या घराची अनामत परत मिळाल्याशिवाय ती द्यायला खटक्याकडे दमडी नव्हती. इथे काही कापाकापी झाली तर भरलेला टेम्पो न्यायचा कुठे? म्हणून सकाळपासून तो भांडणाच्या तयारीतच होता. भिंतीवरचे खिळे काढून भोकं बुजवली होती, नळ बदलला होता. लपवता न येणारा गुन्हा एकच होता, स्वयंपाकघरातल्या कपाटाचा कोपरा. मागच्या थंडीत बायकोच्या कपाळाला भलंमोठं टेंगूळ आलं, कपाटाचा कोपरा लागला म्हणाली, तेव्हा याने रागारागाने तो कोपराच कानशीने गोल करून टाकला. कपाट मालकांचं, आणि विचारलं कुणाला? कुणालाच नाही.

तो आत शिरला. मालक त्या कपाटाशीच उभे होते, शेजारी मालकीणबाई. दोघं खालच्याच मजल्यावर राहायची.

“दार कुणी उघडलं?”

मालक दचकले. “आम्हीच. म्हटलं तुम्ही सामान लावताय तोवर जरा बघून...” आणि बोलता बोलता गप्प झाले. मालकीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“कशाने उघडलं?”

उत्तर मालकांच्या हातातच होतं. तांबड्या लोकरीच्या धाग्यात बांधलेली एक किल्ली.

खटक्याची तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे आमच्या मागे घरात शिरत होतात तुम्ही? लाज नाही वाटली? आणि मी येडा, तुमच्या कपाटाचा कोपरा घासला म्हणून सकाळपासून जिवाला घोर लावून घेतलाय! पोलिसांकडेच चला आता. पैसे गेले खड्ड्यात!”

“अहो, हळू...”

“हळू कशाला? कोणत्या चोराकडून करून घेतलीत ही?”

त्याने किल्ली हिसकावली आणि सवयीने खिडकीच्या उजेडात धरली. दाते बघितले. मग डोकं बघितलं.

तिरकी रेघ.

अंगठ्याने चोळून पाहिली. पुन्हा पाहिली. कितीही वेळा पाहिली तरी ती त्याचीच रेघ होती, त्याच्या कानशीची, त्याच्या हाताच्या वळणाची. त्याने खिडकीचा गज धरला.

“ही माझ्या हातची आहे,” तो म्हणाला.

“तुमच्याच हातची,” मालक म्हणाले. “दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून मीच आलो होतो टपरीवर. छातीत नुसती धडधड, तुम्ही वर बघितलंत तर सांगायचं काय? पण तुम्ही मान वर केलीच नाहीत. ‘चालली नाही तर परत आणा,’ एवढंच म्हणालात.”

स्वतःच्या घराची किल्ली स्वतःच्या हातात आली होती, आणि त्याला ती ओळखू आली नव्हती. ज्या माणसाशी तो दर महिन्याला बोलायचा, तो समोर उभा होता आणि याने त्याचे फक्त हात पाहिले होते. तिसरी किल्ली जन्माला येणार नाही म्हणणाऱ्याने ती कापून, कडा साफ करून, वर फुंकर मारून दिली होती.

“पण तुम्हाला मूळ किल्ली दिली कुणी?”

“मी दिली.”

बायको दारात उभी होती. जिना चढून तिला धाप लागली होती. मालकीणबाई चटकन पुढे झाल्या, एक हात तिच्या कोपराखाली आणि एक पाठीवर ठेवून त्यांनी तिला हळूच कट्ट्यावर टेकवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. हे त्या दोघी आज पहिल्यांदा करत नव्हत्या. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या बायकोला असं धरावं लागतं, हे खटक्याला आज दिसत होतं.

“मला भोवळ येते,” ती म्हणाली. “उभ्या उभ्या डोळ्यांपुढे काळोख होतो. पहिल्या वेळी ताईंनी आवाज ऐकला आणि दोघं वर धावून आली, पण दार बंद. मला शुद्ध येईपर्यंत बाहेरून हाका मारत बसली बिचारी. मग मीच म्हटलं, एक किल्ली करून ठेवा.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतं? टपरी बंद करून माझ्या उशाशी बसला असता, नाहीतर आणखी एक कुलूप लावलं असतं.”

एरवी यावर घरात हसू फुटलं असतं. खटक्याची नजर कपाटाकडे गेली.

“मग तो कोपरा?”

ती खाली बघू लागली. उत्तर मालकीणबाईंनी दिलं. “कपाट कुठलं! न्हाणीघरात पडली होती. नळ तसाच चालू. आमच्या छतातून पाणी गळायला लागलं म्हणून हे वर पळाले. हे किल्ली लावून आत शिरले तेव्हा हिचं तोंड पाण्यात होतं हो. अजून थोडा उशीर झाला असता, तर...”

खटका खाली बसला, रिकाम्या खोलीच्या फरशीवर. त्या दिवशी तो घरी आला, टेंगूळ पाहिलं, कपाटाला शिव्या घातल्या आणि कानस घेऊन कोपरा घासत बसला. बायको मागे उभी राहून बघत होती. नवऱ्याने कपाटाचं तोंड फोडलं, तिने फोडू दिलं.

मालकांनी खिशातून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. “पूर्ण आहेत. काही कापलं नाही. मोजून घ्या.”

त्याने मोजले नाहीत. कडीतल्या दोन किल्ल्या आणि ती तिसरी त्याने मालकांच्या ओंजळीत ठेवल्या आणि हात जोडले.

“खटकेराव,” मालक म्हणाले, “नव्या घराशेजारी ओळखीचं कुणी आहे का?”

तेव्हा त्याला नव्या घराचं दार आठवलं. नव्या दाराला त्याने कालच आतून जाडजूड लोखंडी कडी ठोकली होती. ‘हत्तीने धक्का मारला तरी उघडायचं नाही,’ असं मोठ्या कौतुकाने बायकोला दाखवलंही होतं. ती ‘हो’ म्हणाली होती.

टेम्पो त्याने टपरीपाशी थांबवला. नव्या घराची किल्ली यंत्रावर लावली. पहिली किल्ली वाया गेली. दुसरी साधली. बायको टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून बघत होती.

नव्या इमारतीत सामान उतरायच्या आधी त्याने समोरचं दार वाजवलं. ओले हात पदराला पुसत एका बाईने उघडलं. खटक्याने मान वर केली. गोल चेहरा, कपाळावर घाम, डाव्या गालावर तीळ. इतक्या वर्षांत कुणा अनोळखी माणसाच्या तोंडाकडे त्याने असं पाहिलं नव्हतं.

“आम्ही समोर राहायला आलोय. ही आमच्या घराची किल्ली. तुमच्याकडे ठेवाल?”

“माझ्याकडे? अहो, तुम्ही मला ओळखतही नाही.”

“नाही ओळखत. पण माझ्या बायकोला भोवळ येते, आणि मी दिवसभर नसतो.”

बाईने त्याच्यामागे जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं आणि किल्ली घेतली. मग समोरच्या उघड्या दाराकडे बघून म्हणाली, “ठेवते की. पण त्यांनी आतून ती कडी लावली, तर मी किल्ली घेऊन काय करू?”

संध्याकाळी नवा मालक अनामत घ्यायला आला, तेव्हा खटका दारापुढे गुडघ्यांवर बसला होता. कडी उचकटून झाली होती, शेवटचा स्क्रू तेवढा निघत नव्हता. मालकाने पैसे मोजून खिशात घातले आणि दाराला पडलेल्या भोकांवरून बोट फिरवलं.

“नवं दार आहे हो हे. घर सोडताना याचे पैसे अनामतीतून कापीन मी.”

“कापा,” खटका म्हणाला, आणि पुन्हा स्क्रूला लागला.