घरकामाचे दर
पोरांना घरकामाचे पैसे द्यायचे की नाही, यावरून आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवस वाद चालला होता. नवरा म्हणायचा, द्यावेत. त्याचं उचगावला दुकान आहे, त्याला सगळ्याचा भाव ठरलेला लागतो. मी अडून बसले होते. मी हुपरीची. आमच्या घरातच चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं, म्हणजे एक खोली आणि तिच्यात माना खाली घालून बसलेले सगळे. सातव्या वर्षापासून मी कड्या जोडल्या आणि नगावर मजुरी घेतली. तेव्हापासून मला कुणाजवळ नुसतं बसता येत नाही. माझी पोरं तशी होतील, ही मला भीती होती.

पण एका रविवारी मुलीनं झाडू मधेच टाकला, मुलगा तो ओलांडून टीव्हीसमोर जाऊन बसला, आणि माझं डोकं फिरलं. मी कागद घेतला, कामं लिहिली, पुढं दर लिहिले आणि फ्रिजवर चिकटवला. मुलीला यादी मोठ्यानं वाचायला लावली: भांडी लावणं, झाडांना पाणी, कपडे काढून घड्या घालणं. शेजारी खुर्चीत आप्पा, माझे वडील, बसले होते. आई गेल्यावर एकटे पडले म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी त्यांना इकडे आणलं होतं. त्यांना आता नुसत्या सावल्या दिसतात, मी घरी असले की बाथरूमपर्यंतही हात धरून नेते. यादी ऐकताना त्यांनी मान तिकडं वळवली होती.

मी एका दवाखान्यात केसपेपर काढते, दुपारी अडीचला घरी येते. मंगळवारी आले तर सकाळी पालथी घातलेली भांडी मांडणीत लागलेली, लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत. वाटलं, पोरांनी शाळेला जाताना उरकलं. संध्याकाळी पैसे पुढं केले तर मुलगी म्हणाली, "मी नाही लावली." मुलगा म्हणाला, "मी पण नाही." पैसे मिळत असताना माझी पोरं नको म्हणतात, तिथंच मी चरकले.

बुधवारी कुंड्या ओल्या. गुरुवारी कपड्यांच्या घड्या, कडेला कड जुळवलेल्या. आप्पांना विचारलं, "कुणी आलं होतं का?" ते म्हणाले, "न्हाय. कोण येतंय?" दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, म्हणून त्यांनाही विचारलं.

"न्हाय बाई, मी न्हाय आलो," त्या म्हणाल्या. "पर रोज बाराच्या सुमाराला भिंतीवरनं हात घासत नेल्यागत आवाज येतोय. मला वाटलं, कामाला बाई लावलीसा."

मुलगी स्वयंपाकघरात एकटी जाईना. मुलगा म्हणाला, "आई, हे घरच काम करतंय." मी त्याच्यावर खेकसले, म्हटलं मग त्याला भांडी घासायलाही सांग. पण भर दुपारी आत जाताना मीसुद्धा दिवा लावायला लागले होते.

शुक्रवारी गॅलरीत गेले तर दोरीवरचे चिमटे एकात एक अडकवून त्यांची लांब माळ केलेली. वारा नव्हता, तरी माळ जराशी हलत होती. सगळ्या चिमट्यांची तोंडं डावीकडं. आमच्या हुपरीत माल बघून सांगतात, हा कुणाचा हात. हा हात मी ओळखला आणि वळून आत पाहिलं. आप्पा आत खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

शनिवारी मी कुणाला न सांगता बाराला घरी आले आणि आवाज न करता दार उघडलं. खुर्ची रिकामी. पडदे ओढलेल्या स्वयंपाकघरात आप्पा अनवाणी उभे होते. एक तळवा भिंतीला टेकलेला, दुसऱ्या हातात ग्लास. मांडणीची कड चाचपत ते तोंडातल्या तोंडात नग मोजत होते. नडगीवर काळानिळा डाग होता.

"आलीस?" ते मागं न वळता म्हणाले. "आज लवकर सुटलीस."

"आप्पा, पडला असता म्हणजे? काम करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की. माझ्याम्होरं यादी वाचाय लावलीस."

"ती पोरांसाठी होती!"

त्यांनी ग्लासाची कड अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाले, "ल्हानपणी तुला ताप आलता. त्या दिवशी कड्या जोडल्या न्हाईस, म्हणून मी तुझ्याम्होरचं ताट उचललं. तू कधी बोलली न्हाईस. यादी ऐकली आन् म्हटलं, आज त्याचंच बोलली."

ते ताट मला आठवत होतं. त्यातली आमटी कसली होती, तेसुद्धा. आणि मला लाज वाटली, कारण यादी चिकटवताना मी नक्की कुणावर चिडले होते, हे मला आता छातीवर हात ठेवून सांगता येईना.

मी फ्रिजवरचा कागद ओढला आणि टराटरा फाडला. आप्पांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. हातातला ग्लास चाचपत जागेवर ठेवला, आणि कारागिरानं मालकाला विचारावं तसं खालच्या आवाजात विचारलं,

"दर कमी केलास व्हय?"