मचाणावरून सुटलेला दगड

पोखर्णीजवळच्या शिवारातलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. ठाण्यातली निम्मी माणसं बंदोबस्तावर होती. मी नवखा फौजदार, सोबतीला एक जुने जमादार.

एका सकाळी एक शेतकरी सायकलवर ठाण्यात आला. शेजारच्या शेतातल्या बाईने माझ्या मेव्हण्याला गोफणीने दगड मारला, डोकं फुटलं, तो परभणीच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे, अशी फिर्याद त्याने दिली. दोन घरांत बांधावरून जुना वाद होता. मी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला.

बाई विधवा होती. मचाणावर बसून दोन एकर ज्वारी राखत होती. ठाण्यात महिला पोलीस नव्हती, म्हणून चावडीत पोलीस पाटील आणि तिच्या सासूसमोर मी विचारपूस केली. आधी तिने दगड मारल्याचंच नाकारलं. घाबरलेला माणूसही खोटं बोलतो, हे तेव्हा मला कळत नव्हतं. सासूने हात धरल्यावर ती बोलली.

“म्या पाखरावर मारला साहेब. लय उंच गेला. तिकडं माणूस हाय हे दिसलंच न्हाई.”

जमादारांना ते पटलं नाही. उंच गेलेल्या दगडाचा जोर वरच संपतो, खाली पडताना तो डोकं कसा फोडेल, असं त्यांचं म्हणणं. मलाही तेच वाटलं. अटकेची तयारी मी केली.

घटनास्थळाच्या पंचनाम्याला शाळेतले विज्ञानाचे गुरुजी पंच होते. जमादारांचं बोलणं ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं.

“साहेब, वर जाताना दगडाचा वेग कमी होत जातो, हे खरं. शेंड्याला तो सगळ्यात कमी असतो. पण खाली येताना तो वाढत जातो. सुटलेल्या उंचीला परत येईस्तोवर घालवलेला वेग बहुतेक सगळा भरून येतो.”

मी विश्वास ठेवला नाही. तेव्हा त्यांनी शेजारच्या रिकाम्या नांगरटीत सगळ्यांना लांब उभं करून गोफणीने पाच दगड उंच सोडले. प्रत्येक दगड ढेकळं फोडून मातीत रुतला. जमादारांनी एक उकरून काढला आणि माझ्या हातात दिला.

मग मी जागा नव्या नजरेने पाहिली. मचाण आणि जखमी सापडला ती जागा यांच्यामध्ये पुरुषभर ज्वारी होती. सरळ मारलेल्या दगडाने ताटं मोडली असती. एकही मोडलेलं नव्हतं. दवाखान्याच्या दाखल्यात जखम नेमकी टाळूवर होती.

अटक मी थांबवली. तिसऱ्या दिवशी जखमी शुद्धीवर आला. बांधाच्या वादाचा फायदा तो सहज घेऊ शकला असता.

“मी चपलेचा अंगठा नीट करायला खाली बसलो होतो,” तो म्हणाला. “तिला कसा दिसणार? तिनं मुद्दाम न्हाई मारलं.”

खुनाच्या प्रयत्नाचं कलम वगळलं, हयगयीचं साधं कलम राहिलं आणि कोर्टात दोघांनी तडजोड केली.

बदली झाल्यावर मी गुरुजींचे आभार मानायला गेलो. ते म्हणाले, “तुम्ही ऐकलंत, म्हणून उपयोग झाला.” खरं तर मी ऐकलं नव्हतं, त्यांनी मला दाखवलं होतं. पुढच्या सगळ्या नोकरीत, जे मला नक्की ठाऊक नाही ते कागदावर लिहिण्याआधी जाणत्या माणसाला विचारत गेलो. एक बाई तुरुंगाऐवजी आपल्या शेतात राहिली, याचं श्रेय त्या गुरुजींचं आणि खरं बोललेल्या त्या जखमी माणसाचं. मी फक्त सही केली.