माझं नाव पुसायला मीच फोन लावला

पेंटरकाकांमुळे मी आज या घरात आहे. काय घडलं ते पुढं लिहिते, पण हे आधी लिहिलंच पाहिजे. ते माझ्या नात्यातले नाहीत, माहेरच्या गावचेही नाहीत. वर्षातले बरेच दिवस ते नागपुरात मनीषनगरकडं फ्लॅट रंगवतात आणि लग्नसराईत मौद्याच्या आसपासच्या गावांतून नावं लिहीत फिरतात.

नावं म्हणजे लग्नाची. इकडं लग्न ठरलं की घराच्या पुढच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवून घेतात. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मधे लाल ऑइल पेंटनं मोठाली अक्षरं. मांडव निघतो, पाहुणे जातात, नावं मात्र वर्षानुवर्षं राहतात. सोलापूरकडं आमच्या वस्तीवर घरंच पत्र्याची होती, तिथं कोण काय लिहिणार? वरातीतून उतरले तेव्हा सासरच्या भिंतीवर काकांनी लिहिलेलं स्वतःचं नाव एवढं मोठं बघून मला मान वर करवेना. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर माझं नाव कुणी कुठं लिहिलंच नव्हतं.

मावशी इकडं वीटभट्टीवर कामाला आली होती, हे स्थळ तिनंच आणलं. नवरा चांगला होता. एवढंच लिहिते. लग्न उन्हाळ्यात झालं आणि पावसाळ्यात तो कामावरून परतताना हायवेवर ट्रकखाली गेला.

वर्षश्राद्ध होईस्तोवर घरात माझा विषय निघाला नाही. मी रोज सकाळी अंगण झाडायची तेव्हा भिंतीवर आम्ही दोघं शेजारी शेजारी असायचो. सासूबाई दारात उभ्या राहून आधी भिंतीकडं बघायच्या, मग माझ्याकडं. श्राद्धाचे पाहुणे पांगले आणि शेजारणीशी त्यांचं बोलणं कानावर आलं, "पांढऱ्या पायाची आणली वं आमी. दिवाळीच्या आत देतो पाठवून, जिकडून आली तिकडं."

पण तिकडं होतं कोण? आई-बाप नाहीत. भावाला फोन केला तर वहिनीनं उचलला. "बघू," म्हणाली, आणि त्यानंतर तो नंबर लागायचाच बंद झाला. मावशी भट्टीबरोबर कुठल्या मुलखाला गेली, पत्ता नाही. भाजी चिरताना, पाणी भरताना मी मनातल्या मनात गाडीत बसायची, सोलापूरला उतरायची, स्टेशनाच्या बाहेर यायची. तिथून पुढं कुणीकडं वळायचं ते सुचायचं नाही. परत पहिल्यापासून गाडीत बसायची.

दिवाळी तोंडावर आली, शेतात धान पिवळं पडलं. मागल्या दिवाळीला घरात दिवा लागला नव्हता. यंदा चुना तरी देऊन घेऊ, असं सासरे म्हणाले. सासूबाईंना नंबर लावता येत नाही. त्यांनी फोन माझ्याच हातात दिला.

"पेंटरले बोलाव. म्हणावं, पुढची भिंत कराची हाय. पोराचं नाव ठेवाचं, तुहं पुसाचं."

मी फोन लावला. "काका, घराला चुना द्यायचाय," एवढं बोलले. पुढचं तोंडातून निघेना.

"येतो ना बेटा, उद्याच येतो. चहा पाजशीन ना, का तोई घरूनच घेऊन येऊ?" काका हसले. मी हसल्यासारखं केलं आणि फोन ठेवला.

सकाळी ते आले. बादलीत चुना कालवला, त्यात नीळ टाकली. काम कसं करायचं ते सासूबाईंनी सांगितलं तसा काकांचा ढवळणारा हात थांबला. मी दाराआड होते.

"काहून वं मावशी?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"काहून म्हंजे? माह्या लेकराले खाऊन बसली हे."

"ट्रकनं नेलं त्याले. हिनं काय केलं?"

"तू पेंटर हाय का वकील हाय गा? सांगतलं तेवढं कर."

"नाही करत. पुसाचं असन त दोन्ही नावं पुसून देतो. एक ठेवून एक पुसाचं, हे काम माह्याच्यानं नाही होत."

"नको करू. हात काही तुलेच नाहीत दिले देवानं."

सासूबाईंनी बादलीतला कुंचा उचलला आणि माझ्या नावावर दणक्यात ओढला. दाराआडून मी ते बघितलं. माझं नाव दिसेनासं झालं, पण कुंचा थांबला नाही. तो तसाच घसरत त्याच्या नावाच्या शेवटच्या अक्षरांवर गेला.

सासूबाई किंचाळल्या. अशी किंकाळी मी परत ऐकली नाही, मयताच्या दिवशीही ऐकली नव्हती. पदर ओढून त्या पुसायला लागल्या. पुसताना चुना आणखीच पसरला, त्याचं निम्मं नाव झाकलं गेलं. "गेला वं, माहा बाबू गेला," म्हणत त्या भिंतीला नुसती नखं लावत होत्या.

"थांब मावशी, तू पसरवून राहिली. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, ओला हाय तोवर निघते. बेटा, पाणी आण!"

मी कळशी घेऊन धावले. काकांनी फडकं भिजवलं आणि पुसायला घेतलं ते माझ्या बाजूनं. चुन्याचे ओघळ त्यांच्या कोपरापर्यंत आले. लाल अक्षरं एकेक करून वर आली, आधी माझी, मग त्याची. सासूबाई खाली बसून बघत होत्या.

फडकं पिळत काका म्हणाले, "आता सांग मावशी. दोन्ही ठेवू का दोन्ही घासू?"

बाजेवरून सासरे म्हणाले, "राहू दे वं. लोकं इचारतीन, पोरगा काय एकटाच चढला होता बोहल्यावर?"

सासूबाईंना हसू आलं नाही, कुणालाच आलं नाही. पदराचा चुना झटकत त्या म्हणाल्या, "ठेव."

काकांनी नावांभोवतीची जागा सोडून सगळी भिंत निळी केली. नावांमागचा जुना मळका रंग चौकोनी तसाच राहिला, वरून ठिगळ लावल्यासारखा दिसतो. काम आटोपल्यावर काकांनी माझ्याकडं चहा मागितला. चहा पिऊन कप पालथा घातला आणि गेले.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या त्या दिवे लागल्यावर, तेही पाठमोऱ्याच. "सकाळी धान कापाले निघाचं हाय. तुहा विळा घासून ठेवजो."

मी विळा घासला. बोटाला लागलं, पण आनंद म्हणतात तो तेवढा एकदाच झाला. प्रेम वगैरे नाही आलं आमच्यात. त्या अजून मला नावानं हाक मारत नाहीत. पण पाठवायची गोष्ट परत निघाली नाही, आणि माझं गाडीत बसणं थांबलं.

काकांना हल्ली फार खोकला येतो. पत्रा घासताना, पॉलिश पेपर मारताना आयुष्यभर ती धूळ छातीत गेली. शिडीवर दोन पायऱ्या चढले की थांबतात. त्यांच्या उपकाराची फेड कशी करायची ते मला कळत नाही, आणि विचारलं तर ते चेष्टेवारी नेतील. म्हणून इथं लिहून ठेवते. ज्या दिवशी त्यांना उठवणार नाही, त्या दिवशी त्यांच्या उशाशी मी बसेन. लेक बसते तशी. कुणी विचारलं, ही कोण, तर माझं नाव मीच सांगेन.